पोच देण्याचा अधिकार

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी १९६५ साली तेथे स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमामुळे आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात बसणाऱ्या लाखोंच्या पंगतींमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु प्रस्तुत लेखात त्या गावाकडे पाहावयाचे आहे ते तेथील शेतजमिनीच्या, आणि त्या जमिनीवर कोणाचा किती हक्क आहे हे सांगणाऱ्या दप्तराच्या अंगाने. हा मुलूख हिशेबाच्या कागदाला नवखा नाही. मोगली अंमलात वऱ्हाडचा सुभा ज्या सरकारांत विभागला होता त्यांपैकी एक मेहकरचे होते, आणि अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त त्याची नोंद करून ठेवली आहे. पुढे हैदराबादच्या निजामाचा अंमल आला, १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेल्यावर मोजणी आणि जमाबंदी झाली, आणि स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने या सर्व परंपरेला आजचे कायदेशीर स्वरूप दिले. सत्ता पालटल्या, भाषा पालटल्या, मोजमापे पालटली. मात्र जमिनीची नोंद कोठेतरी शाईने लिहिलेली आहे आणि ते कागद रुमालात बांधून तलाठ्याच्या कपाटात ठेवलेले आहेत, हा शेतकऱ्याचा भरवसा या सर्व उलथापालथीतून टिकून राहिला.

आता ती शाई नाहीशी झाली आहे. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांना खुला केला, आणि तेव्हापासून हिवरा आश्रमच्या शेतकऱ्याला अमरावती विभाग, बुलढाणा जिल्हा, मेहकर तालुका अशी निवड करीत पंधरा रुपयांत आपल्या हक्काचा उतारा घरबसल्या मिळू लागला. या सोयीचे मोल मी कमी लेखणार नाही. एका उताऱ्यासाठी मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी दोनदा जाऊन आलेल्या माणसालाच ते खरे कळते. तथापि या सोयीबरोबर एक नवा प्रश्न उपस्थित झाला आहे, आणि त्याची चर्चा संगणकाच्या जाणकारांबाहेर फारशी होत नाही. वारसाची किंवा खरेदीची नोंद व्हावयाची असते तेव्हा, आता ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम लाभलेले तलाठी संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफार घेतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवसांची मुदत जाते, आणि नंतर मंडळ अधिकारी तो फेरफार प्रमाणित करतात. कलम १५७ असे सांगते की अशी प्रमाणित नोंद, तिच्या विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, खरी मानावी. म्हणजे ज्या क्षणी अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर ‘नोंद जतन झाली’ अशी पोच उमटते, त्या क्षणापासून कोण्या एका कुटुंबाची चार एकर जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली असे कायदा, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, मानतो. प्रश्न असा की, त्या क्षणी ती नोंद नेमकी कोठे असते?

सामान्य वाचकाचे सहज उत्तर ‘सर्व्हरवर’ असे असेल, आणि ते चुकीचे नाही. पण ‘मुंबईत’ या उत्तराने जसा पत्ता कळत नाही, तसाच यानेही तो कळत नाही. सर्व्हर या एका नावाखाली नोंद राहू शकेल अशा किमान चार जागा एकाखाली एक असतात. पहिली जागा माहिती सांभाळणाऱ्या डेटाबेस प्रणालीची स्वतःची स्मृती, दुसरी संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीची स्मृती, तिसरी स्टोरेज कंट्रोलर नावाच्या मंडलावरील स्मृती, आणि चौथी प्रत्यक्ष हार्ड डिस्क. तीमध्येही पुन्हा एक लहानशी स्मृती दडलेली असते. यांपैकी पहिल्या दोन जागा आणि डिस्कमधील ती लहानशी स्मृती वीज गेली की तत्काळ कोऱ्या होतात. तिसरी कोरी होईल की नाही हे एका लहानशा बॅटरीवर अवलंबून असते. नोंद या जागांपैकी कोणत्या जागी पोहोचली असता अधिकाऱ्याला पोच द्यावी, आणि ती पोच देण्याचा अधिकार कोणाला असावा, हाच डिस्क कॅश आणि स्टोरेज कंट्रोलर यांच्या व्यवस्थापनाचा गाभा आहे. गतीच्या गोष्टी नंतर येतात.

तथापि गतीचा विचार केल्यावाचून हे इतके थर निर्माण का झाले हे समजणार नाही. १९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक हे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. त्या तबकड्यांच्या चळतीशेजारून एक भुजा वरखाली जाई, हव्या त्या तबकडीशी थांबून आत शिरे आणि अक्षरे वाची. आजची हार्ड डिस्क तळहाताएवढी असून तिच्यावर त्याच्या लक्षावधीपट मजकूर राहतो. पण चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आहे आणि तिच्यावरून एक भुजा सरकते आहे, हे मूळ तत्त्व अजून तेच आहे. सर्व्हरमध्ये नेहमी आढळणारी तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे आठ सहस्रांश सेकंद लागतात. हवी असलेली जागा भुजेखाली येण्यास सरासरीने अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, आणि भुजा योग्य वर्तुळावर नेऊन स्थिर करण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश सेकंद जातात. एकूण हिशेब असा होतो की विखुरलेल्या जागांवरील लहान लहान नोंदी लिहावयाच्या झाल्यास एक डिस्क सेकंदाला जेमतेम ऐंशी नोंदी पुऱ्या करू शकते. याउलट संगणकाच्या स्मृतीतील एखादी जागा गाठण्यास सेकंदाचा कोटीवा भाग पुरतो. दोहोंमधील अंतर लाखपटीहून अधिक आहे, आणि तबकडी व भुजा हे जड पदार्थ असल्यामुळे त्यांना पदार्थविज्ञानाचे नियम ओलांडून धावता येत नाही.

हे अंतर झाकण्यासाठी कॅश मेमरीची योजना झाली. १९६५ साली केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या आणि संथ स्मृतीच्या पुढे एक लहान आणि शीघ्र स्मृती ठेवण्याची कल्पना मांडली, आणि १९६८ साली आयबीएमच्या सिस्टिम ३६० मालिकेतील ८५ क्रमांकाच्या यंत्रात ती प्रथम व्यापारी स्वरूपात उतरली. ती योजना प्रक्रियक आणि मुख्य स्मृती यांच्यामधील होती. पुढे तेच तत्त्व मुख्य स्मृती आणि डिस्क यांच्यामध्येही लागू झाले. माणसे एकदा पाहिलेली गोष्ट लवकरच पुन्हा पाहतात, आणि एका ओळीनंतर बहुधा पुढचीच ओळ वाचतात, या दोन साध्या निरीक्षणांवर ते तत्त्व उभे आहे. खरिपाच्या पीककर्जाच्या दिवसांत एखाद्या गावचे उतारे एकामागून एक मागितले जाऊ लागले की त्या गावची पाने एकदाच डिस्कवरून उचलून स्मृतीत ठेवली जातात, आणि पुढील शंभर मागण्या तबकडीला न शिवता भागतात. वाचनासाठी वापरलेली कॅश संपूर्णतया निरुपद्रवी आहे. वीज गेली तर तीतले सर्व पुसले जाईल, पण मूळ प्रत डिस्कवर शाबूत असते. लेखनाची गोष्ट मात्र निराळी. तेथे कॅशमध्ये असलेली प्रत हीच काही काळ एकमेव प्रत असते.

पेशवाईतील फडावर काय व्यवस्था होती हे येथे आठवणे उपयुक्त आहे. दिवसभरातील प्रत्येक जमा आणि खर्च कारकून घडेल त्या क्रमाने कीर्दीत टिपून ठेवी, आणि मग सवडीने त्या रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती उतरवी. खतावणी मागे पडली तरी चिंता नसे, कारण कीर्द शाबूत असेपर्यंत ती केव्हाही नव्याने उभी करता येई. पण कीर्दीत न लिहिता केलेला व्यवहार हा कसूर ठरे. आजच्या डेटाबेस प्रणाली अक्षरशः हेच करतात. फेरफाराची नोंद आली की ती प्रथम एका सलग चालणाऱ्या नोंदपटात, म्हणजे त्यांच्या कीर्दीत, लिहिली जाते, आणि सातबाऱ्याच्या विखुरलेल्या पानांवर ती सवडीने चढते. या पद्धतीला काटेकोर शास्त्रीय रूप देणारा ‘एरिस’ हा सिद्धांत आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला, आणि आज वापरात असलेल्या अनेक डेटाबेस त्याच्या ऋणात आहेत. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला की प्रणाली कीर्द खतावणीशी शेवटचा मेळ घातल्याची जेथे खूण आहे त्या सुमारापासून वाचते, जे पुरे झाले होते ते पुन्हा खतावते आणि जे अर्धवट राहिले होते ते रद्द करते.

ही सर्व सुरक्षितता एकाच गृहीतावर अवलंबून आहे, आणि ते असे की कीर्दीतील ओळ खरोखर लिहिली गेली आहे. येथेच सर्वाधिक अनर्थ घडतो. डेटाबेस कार्यप्रणालीला सांगते, ही ओळ कायम कर. कार्यप्रणाली कंट्रोलरला सांगते. कंट्रोलर डिस्कला सांगतो. आणि खालून वर ‘झाले’ असा निरोप येतो. या साखळीतील प्रत्येक दुव्याला, मजकूर आपल्या चंचल स्मृतीत आला एवढ्यावरच ‘झाले’ म्हणून मोकळे होण्याचा मोह असतो, कारण तसे केल्याने तो दुवा शीघ्र दिसतो आणि विक्रेत्याच्या तक्त्यात त्याचे आकडे उठून दिसतात. थोर समजल्या जाणाऱ्या प्रणालींचाही या ठिकाणी पाय घसरला आहे. लिनक्स या कार्यप्रणालीत डिस्कवरील लेखन अयशस्वी झाल्याचे एकदा कळवून झाल्यावर, तोच मजकूर पुन्हा कायम करावयास सांगितला असता यशाचा निरोप मिळू शकतो, आणि दरम्यान मूळ मजकूर टाकून दिलेला असू शकतो, ही गोष्ट २०१८ साली पोस्टग्रेस या नामांकित डेटाबेसच्या कर्त्यांच्या ध्यानात आली. वीस वर्षे ज्या समजुतीवर त्यांची रचना उभी होती ती समजूत अपुरी ठरली. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत त्यांनी असा निर्णय अंमलात आणला की कायम करण्याच्या हुकमास अपयश आले तर पुन्हा प्रयत्न करीत बसू नये. प्रणालीने आपण होऊन थांबावे आणि कीर्दीवरून नव्याने उभे राहावे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. खोटी पोच देण्यापेक्षा काम थांबवणे बरे, हे त्यात उघडपणे मान्य केलेले आहे.

आता कंट्रोलरकडे वळू. सर्व्हरच्या पेटीत अनेक डिस्का असतात, आणि त्यांना एकत्र हाकणारे, त्यांच्यात कामाची वाटणी करणारे आणि त्यांच्यापैकी एखादी मेली तर बाकीच्यांवर निभावून नेणारे जे मंडल असते तो स्टोरेज कंट्रोलर. त्याच्याजवळ स्वतःचा प्रक्रियक असतो आणि एक ते आठ गिगाबाइटची स्वतःची कॅश असते. या कॅशचा लेखनासाठी उपयोग करण्याच्या दोन रीती आहेत. राइट-थ्रू रीतीत नोंद तबकडीवर उमटल्यावरच पोच दिली जाते. राइट-बॅक रीतीत नोंद कंट्रोलरच्या कॅशमध्ये आली की पोच मिळते, आणि तबकडीवरील लेखन मागाहून, जवळजवळच्या नोंदी एकत्र करून, भुजेची धावपळ वाचवीत केले जाते. दुसऱ्या रीतीने मिळणारा वेग विलक्षण असतो. जेथे सेकंदाला शंभर-सव्वाशे नोंदी होत होत्या तेथे हजारोंचा लोट आला तरी तो क्षणात स्वीकारला जातो. अर्थात कॅश ही काही अथांग नव्हे. लोट तासन् तास चालू राहिला तर ती तुडुंब भरते आणि अखेर तबकडीच्याच चालीने चालावे लागते. परंतु महसुली कामाचा स्वभाव झटक्याझटक्यांनी येण्याचा असल्यामुळे बहुतेक वेळी ती पुरते.

राइट-बॅक रीत क्षम्य ठरते ती केवळ बॅटरीमुळे. कंट्रोलरवर बसविलेली लहानशी बॅटरी वीज गेल्यावर त्या कॅशला जिवंत ठेवते, साधारणपणे दोन ते तीन दिवस. वीज परत आली की राहिलेल्या नोंदी तबकडीवर उतरविल्या जातात आणि दिलेली पोच खरी ठरते. वऱ्हाडात वळवाच्या वादळाने खांब कोसळले की आडगावी वीज तीन दिवसांत येईलच असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून एखाद्या शाळेने, पतसंस्थेने किंवा रुग्णालयाने स्वतःचा सर्व्हर गावातच ठेवावयाचे ठरविले असेल तर नव्या पद्धतीचा कंट्रोलर घ्यावा, ज्यात वीज जाताच एक धारित्र काही क्षणांपुरती ऊर्जा देते आणि तेवढ्या वेळात कॅशमधील सर्व मजकूर फ्लॅश स्मृतीत उतरून घेतला जातो. फ्लॅश स्मृतीला विजेची गरज नसते. मग अंधार तीन दिवसांचा असो की तीन आठवड्यांचा. यूपीएस आहे तेव्हा या बॅटरीची गरज काय, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. यूपीएस बाहेरची वीज सांभाळतो. पेटीच्या आतील वीजपुरवठा जळाला, किंवा झाडलोट करताना कोणाच्या पायात अडकून दोरी निघाली, तर त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही असावेत.

या बॅटरीची देखभाल हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित अंग आहे आणि म्हणूनच त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. कोणतीही रासायनिक बॅटरी जुनी होते, आणि उष्ण पेटीत ती दोन-तीन वर्षांतच अशक्त होते. समंजस कंट्रोलर बॅटरी भरवशाची राहिली नाही असे दिसताच राइट-बॅक सोडून आपोआप राइट-थ्रू रीतीवर येतो. नोंदी त्यामुळे सुरक्षित राहतात, पण सर्व्हर एकाएकी मंद होतो, आणि कारण ठाऊक नसलेला कारभारी नेटवर्कला, प्रणालीला, नाही तर उताऱ्यांसाठी गर्दी करणाऱ्या लोकांना दोष देऊ लागतो. अशा वेळी कोणीतरी मसलत देतो की कंट्रोलरच्या तजविजीत ‘बॅटरी नसली तरी राइट-बॅक ठेवा’ असा एक पर्याय आहे, तो चालू करावा. तो चालू करताच वेग परत येतो, सर्वांना समाधान वाटते, आणि त्या दिवसापासून प्रत्येक पोच निराधार होते. ज्या सर्व्हरवर लोकांचे हक्क लिहिले जातात तेथे हा पर्याय वापरणे मी गुन्ह्यासमान मानतो. आणि तो वापरला जाणार नाही अशी लेखी शर्त देखभालीच्या प्रत्येक करारात असावी असे माझे मत आहे.

याखेरीज आणखी एक बाब आहे. अनेक कंट्रोलर ठरावीक काळाने बॅटरी पूर्ण रिकामी करून पुन्हा भरतात आणि तिची खरी ताकद अजमावतात; ही परीक्षा काही तास चालते आणि तेवढा काळ राइट-थ्रू रीत लागू असते. परीक्षा आवश्यकच आहे, मात्र तिची वेळ माणसाने ठरवावयास हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या सोयाबीनची, कपाशीची किंवा तुरीची नोंद शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून छायाचित्रासह करू लागले. मुदत संपत आली की या नोंदींचा ओघ कसा वाढतो हे प्रत्येक गावाने पाहिले आहे. लहान, विखुरलेल्या आणि लेखनप्रधान अशा या कामाला कंट्रोलरच्या कॅशची जितकी गरज असते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला असेल. आणि नेमक्या त्याच दिवशी भर दुपारी बॅटरीची परीक्षा सुरू व्हावी यासारखी अव्यवस्था नाही. वर्षाचा कृषिक्रम समोर ठेवून ही परीक्षा रात्रीच्या शांत प्रहरी लावणे, एवढे जरी एखाद्या व्यवस्थापकाने केले तरी त्याने शेतकऱ्याची सेवा केली असे होईल.

कंट्रोलरच्या कॅशमधील किती भाग वाचनासाठी आणि किती लेखनासाठी ठेवावा हेही ठरवता येते, आणि येथे माझे मत स्पष्ट आहे. आजच्या सर्व्हरमध्ये मुख्य स्मृतीच शेकडो गिगाबाइटची असते आणि वाचनाचे काम ती उत्तम करते; तिच्यासमोर कंट्रोलरची चार गिगाबाइट वाचनासाठी राखणे व्यर्थ होय. ती बॅटरीचे संरक्षण लाभलेली मौल्यवान जागा आहे आणि ती जवळजवळ सर्व लेखनाला द्यावी. तसेच, प्रत्येक डिस्कच्या पोटात जी स्वतःची लहान स्मृती असते तिला कंट्रोलरच्या बॅटरीचे संरक्षण मिळत नाही. म्हणून तीतील लेखन-कॅश बंद ठेवावी. पुष्कळ ठिकाणी कंट्रोलरची नीट तजवीज होते आणि ही शेवटची पायरी राहून जाते.

अनेक डिस्का एकत्र बांधण्याची जी रेड नावाची पद्धत आहे ती १९८८ साली बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली. तिच्या एका प्रकारात पाच डिस्कांवरील मजकुराची एक प्रकारची बेरीज करून ती सहाव्या जागी ठेवली जाते, म्हणजे कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्यांवरून तिचा मजकूर वजाबाकीने परत मिळतो. किंमत अशी की एक लहान नोंद बदलण्यास जुना मजकूर वाचणे, जुनी बेरीज वाचणे, नवा मजकूर लिहिणे आणि नवी बेरीज लिहिणे अशी चार कामे पडतात. त्यामुळे सहा डिस्कांची मिळून सेकंदाला चारशे ऐंशी कामांची ताकद लेखनाच्या वेळी एकशे वीसवर येते. शिवाय मजकूर लिहून झाला आणि बेरीज लिहावयाची राहिली अशा क्षणी वीज गेली, तर दोहोंत विसंगती उरते आणि ती पुढे एखादी डिस्क जाईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. बॅटरी असलेली कॅश याही संकटातून वाचवते, आणि कंट्रोलरला अधूनमधून सर्व तबकड्या वाचून बेरजांची रुजवात घालण्याचे काम नेमून दिले तर जुनी विसंगती वेळीच उघड होते. डिस्का मोठ्या होत गेल्या तशी आणखी एक अडचण आली. सोळा टेराबाइटची डिस्क बदलून तिचा मजकूर पुन्हा उभा करण्यास, सेकंदाला दोनशे मेगाबाइटचा अखंड वेग धरला तरी, बावीस तास लागतात. आणि त्या काळात दुसरी डिस्क गेली तर सर्व संपते. म्हणून दोन बेरजा ठेवणारा प्रकार आता पसंत केला जातो.

दोन डिस्का एकाच वेळी कशा जातील, असे म्हणणाऱ्यांनी २०१९ सालची एक हकिकत लक्षात ठेवावी. हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ग्राहकांना असा इशारा दिला की तिच्या काही एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्का, बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस आणि ८ तासांनी, कायमच्या निकामी होतील आणि त्यांतील मजकूर परत मिळणार नाही. त्यांच्या आतील मूळ आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, तास मोजणारा आकडा त्यापुढे जाऊ शकत नव्हता. एकाच दिवशी विकत घेऊन एकाच दिवशी सुरू केलेल्या डिस्का एकाच तासाला गेल्या तर कोणतीही बेरीज त्यांना वाचवू शकत नाही. फर्मवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करणे, सर्व डिस्का एकाच घाण्यातील न घेणे, आणि रेडला कधीही स्वतंत्र प्रतीचा पर्याय न समजणे, या तिन्ही गोष्टी या एका हकिकतीतून निघतात.

फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी आल्यापासून यांतील काही विचार बदलले आहेत. तेथे भुजा नाही, फेरा नाही. अनेक एसएसडींच्या समूहापुढे कंट्रोलरची कॅश उलट अडथळाच ठरते, आणि पुष्कळ निर्माते अशा समूहासाठी राइट-थ्रू रीतीचीच शिफारस करतात. परंतु एसएसडीच्याही आत चंचल स्मृती असते, आणि वीज जाताना ती रिकामी करण्यापुरती ऊर्जा देणारी धारित्रे ज्या महागड्या प्रतींत असतात त्याच सर्व्हरला योग्य होत. दुकानातील स्वस्त प्रत घरच्या संगणकाला ठीक आहे. दुसरीकडे, सन कंपनीत जन्मलेल्या झेडएफएससारख्या प्रणाली कंट्रोलरची मध्यस्थीच नाकारतात, डिस्का थेट आपल्या ताब्यात घेतात, आणि प्रत्येक खंडाबरोबर त्याची पडताळणीची खूण ठेवून वाचताना दर वेळी ती जुळवून पाहतात. जेथे त्या वापरावयाच्या तेथे शहाणा कंट्रोलर न घेता साधा जोडणारा घ्यावा, नाहीतर दोन कारभारी एकाच दप्तरावर हुकूम चालवू लागतात.

या विद्येची महाराष्ट्रात वाण नाही. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. व्हेरिटास कंपनीच्या पुण्यातील केंद्रात फायली आणि डिस्का सांभाळणाऱ्या प्रणालींवर वर्षानुवर्षे काम झाले, आणि त्याच पठडीतून बाहेर पडलेल्या तिघांनी २००८ साली पुण्यातच ड्रुवा ही मजकुराच्या प्रती सांभाळणारी कंपनी काढली. जगाच्या डिस्का सांभाळण्याचे शास्त्र पुण्यात बसून लिहिले गेले आहे. मात्र त्या शास्त्राचा प्रकाश जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हरजवळ उभ्या असलेल्या तरुणापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या हाती येणारी पुस्तिका इंग्रजीत असते, करारात ‘देखभाल’ असा एकच शब्द असतो, आणि बॅटरीच्या प्रकृतीचा इशारा ज्या पत्त्यावर जातो तो पत्ता बहुधा बदली होऊन गेलेल्या माणसाचा असतो. बुलढाणा, अकोला, वाशीम अशा प्रत्येक जिल्ह्यात या कामाचा एक तरी शिक्षित माणूस, नावानिशी जबाबदार असा, नेमला जावा आणि त्याला मराठीत लिहिलेला कार्यविधी हाती द्यावा, हे मी आग्रहाने सुचवितो. त्याचा खर्च एका चांगल्या सर्व्हरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

असा माणूस नेमल्यावर त्याने पहिले काम कोणते करावे हेही निश्चित सांगता येते, कारण त्याची रीत ब्रॅड फिट्झपॅट्रिक या अमेरिकन प्रोग्रामरने दोन दशकांपूर्वीच दाखवून दिली आहे. सर्व्हर प्रत्यक्ष सेवेत घेण्यापूर्वी त्यावर क्रमांक घातलेल्या नोंदी लिहीत राहावे, आणि प्रत्येक नोंदीची पोच मिळताच तो क्रमांक नेटवर्कवरून शेजारच्या दुसऱ्या संगणकाला कळवावा. काम ऐन भरात असताना सर्व्हरची वीज खरोखर तोडावी. कळ दाबून रीतसर बंद करू नये, मागची दोरी उपटावी. काही वेळाने तो पुन्हा सुरू करून, दुसऱ्या संगणकापाशी जेवढ्या पोचा जमा आहेत तेवढ्या नोंदी डिस्कवर आहेत की नाहीत हे ताडून पाहावे. एकही कमी भरली, तर वरच्या चार जागांपैकी कोणीतरी अधिकार नसताना पोच देत आहे हे सिद्ध होते, आणि तो कोण हे एकेक थर बंद करून त्याच दिवशी शोधून काढता येते. परीक्षा एकदा पार पडली म्हणजे संपले असेही नाही: बॅटरी बदलल्यावर, फर्मवेअर अद्ययावत केल्यावर आणि दर वर्षी मृगापूर्वी, पीककर्जाची गर्दी सुरू होण्याच्या आधी, ती पुन्हा घ्यावी आणि तिचा निकाल तारखेनिशी, सहीनिशी कागदावर लिहून फाइलला लावावा.